चौगुले आणि थप्पीचं काम

चौगुल्यांबद्दल कुणी वाईट बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही. ऐकायची फार इच्छा होती, म्हणून सांगते. एवढा मोठा कारखाना, एवढी माणसं, त्यात एकालाही या गृहस्थाचा कंटाळा येऊ नये म्हणजे काय! मी आपली एकटीच जळत होते. आणि एकटीनं जळण्यात काडीची मजा नसते, कुजबुजायला कुणीतरी लागतं. मी दोघातिघांना चाचपून पाहिलं. स्टोअरच्या गुरवांना म्हटलं, "चौगुले जरा जास्तच बोलतात, नाही?" तर गुरव खुलून म्हणाले, "हो ना! ते असले की वेळ कसा जातो कळतच नाही." झालं. त्यानंतर मी कुणाला विचारायच्या भानगडीत पडले नाही.

आमचा कारखाना मासळीचा, रत्नागिरीच्या एमआयडीसीत. बंदरावरून कोळंबी येते, बायका ती सोलतात, आकारानं निवडतात, मग ती गोठवून खोक्यांत भरायची आणि कंटेनर येईपर्यंत थंड खोलीत ठेवायची. मी उत्पादन बघते. सोलायच्या टेबलांपासून थंड खोलीच्या दारापर्यंत सगळा माझा कारभार. चौगुले आले ते मेंटेनन्सचे साहेब म्हणून. इचलकरंजीची सूतगिरणी सोडून, आंबा घाट उतरून. पहिल्या दिवशी कोळंबीचा ढीग बघून म्हणाले, "आयला, एवढे किडे?" टेबलांवरच्या बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. हेच मी बोलले असते तर त्यांनी आठवडाभर माझ्या नावानं बोटं मोडली असती.

दिसायला काही राजबिंडे नव्हते. बुटके, थोडं पोट सुटलेलं, मिशी एका बाजूला जरा जास्त. पण शर्ट पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. मासळीच्या कारखान्यात पांढरा शर्ट! आमच्या अंगात वास असा मुरलेला असतो की रिक्षावाला आरशातून बघत विचारतो, "एमआयडीसीतून काय?" आणि हे संध्याकाळी बाहेर पडायचे ते लग्नाला निघाल्यासारखे. मला न राहवून एकदा विचारलंच, काय वापरता हो तुम्ही? म्हणाले, "लिंबू. आमची मंडळी लिंबू चोळायला लावती, हाताला आन् कॉलरला." मी दोन आठवडे गुपचूप लिंबू चोळलं. हात चुरचुरले, वास होता तिथंच राहिला.

त्यांचा डबा रोज यायचा, पण तो एका जागी बसून कधी खाल्ला नाही. आज सोलणाऱ्या बायकांच्यात, उद्या थंड खोलीच्या पोरांच्यात, परवा वॉचमनच्या केबिनमध्ये. डबा उघडायचा, मधोमध ठेवायचा, आणि घास तोंडात असतानाच विचारायचं, "तुमच्यातलं कुठलं काम दुसऱ्याला देऊन टाकावंसं वाटतं?" हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही ते सांगा. न्हाव्याला विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला. मांडवीच्या किनाऱ्यावर आम्ही ऑफिसची मंडळी एकदा भेळ खायला गेलो, तिथं भेळवाल्याला विचारला. मी म्हटलं, "कांदा चिरणं, दुसरं काय असणार?" भेळवाला म्हणाला, "कांद्याचं काय नाय, ताई. गिऱ्हाईक आधी म्हणतं तिखट कमी कर, आणि खाऊन झाल्यावर म्हणतं अळणी झाली. ते ऐकून घ्यायला कोणीतरी माणूस द्या." चौगुल्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. माझी भेळ मला जाईना.

आमच्या ह्यांनी त्यांना एकदा जेवायला बोलावलं. ह्यांनी, मी नाही. मी मात्र बेत पक्का केला. पेडवे आणले, अगदी बारीक काट्यांचे. घाटावरच्या माणसाला पेडवा खाता येत नाही हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याच घासाला त्यांना काटा लागला, डोळ्यांत पाणी आलं, मला गार वाटलं. पण पुढं काय व्हावं? माझ्या सासूबाई पुढं सरकल्या आणि त्यांच्या पानातल्या पेडव्याचे काटे काढून द्यायला लागल्या. सख्ख्या मुलाला त्यांनी शाळेत गेल्यापासून काटे काढून दिलेले नाहीत! आणि हे मांडी घालून बसलेत, लहान मुलासारखे, "आज्जी, लई भारी झालंय" म्हणत.

हात धुतल्यावर प्रश्न आलाच. "आज्जी, घरातलं कुठलं काम कुणाला तरी देऊन टाकावं असं वाटतं?"

उत्तर मीच दिलं. "नारळ खवणं. म्हणून तर विजेवरची खवणी आणलीय मी, पण वापरत नाहीत."

"अगं, ती कशाला वापरू?" सासूबाई म्हणाल्या. "नारळ खवायला मी बसते तेव्हा शेजारच्या नलूताई येतात. ते माझं बसून करायचं काम आहे. मला नको वाटतं ते सकाळचं. नळाला पाणी आलं की टाकी भरली का बघायला गच्चीवर चढायचं आणि उतरायचं. गुडघे माझे बोलतात हो."

मी त्यांच्यासोबत इतकी वर्षं एका घरात राहते. त्या रोज गच्चीवर जातात हे मला माहीत होतं. मला वाटायचं, समुद्र बघायला जातात. पुढच्या रविवारी चौगुले एक तरंगता चेंडू आणि एक बझर घेऊन हजर. टाकी भरली की स्वयंपाकघरात आवाज येतो. त्या दिवसापासून सासूबाई त्यांना 'दत्ता' म्हणायला लागल्या. मला लग्नानंतर कितीतरी दिवस नुसतं 'अगं' होतं.

आता मुद्द्याचं सांगते. शेठना जयगडच्या रस्त्यावर नवा कारखाना काढायचा होता. तो पुष्कळसा रोबोंवर चालवायचा. रोबो म्हणजे सिनेमातला चालता-बोलता नव्हे, जमिनीला बोल्टनं आवळलेला एक भलामोठा लोखंडी हात. त्याआधी इथं जुन्या कारखान्यात एक रोबो बसवून बघायचा, एकच. तो कुठल्या कामावर बसवायचा ते मी आणि चौगुल्यांनी आपापलं मांडायचं. ज्याचं पटेल, नव्या कारखान्याचा प्रमुख तो. शेठ हे सगळ्यांच्या समोर बोलले.

मला ती जागा हवी होती. आडपडदा कशाला ठेवू? मी पुण्याला जाऊन रोबोंचा कोर्स करून आले होते, स्वतःच्या रजा घालवून. या कारखान्यात टेबलं चार होती तेव्हापासून मी आहे. ही जागा माझी, असं मी घरात बोलूनही दाखवलं होतं. आणि हा माणूस कालचा आलेला.

मी सोलण्याचं काम निवडलं. सगळ्यात जास्त हात तिथं, आणि ते हात मी रोज बघते. बर्फाच्या पाण्यात दिवसभर बोटं घालून कातडी पांढरी पडते, चिरा जातात. कॅमेरा कोळंबी ओळखणार, लोखंडी हात ती उचलून सोलणीच्या मशीनमध्ये घालणार. पुण्याच्या कंपनीकडून व्हिडिओ मागवला, तक्ते केले, रंग भरले. चौगुले महिनाभर काय करत होते, तर डबा घेऊन फिरत होते.

तेवढ्यात शिमगा आला. आमच्याकडे शिमगा एका दिवसात आटपत नाही. गावदेवीची पालखी घरोघर फिरते, गावागणिक, वाडीगणिक दिवस वेगळा. पालखी दारात आणि घरचं माणूस कामावर, असं होत नाही. मुंबईहून माणसं येतात, मग एमआयडीसीतलं माणूस कामावर थांबेल होय? पण मासळी तर रोज येते. म्हणून बदलीची पद्धत. जिच्या वाडीत पालखी, ती त्या दिवशी आपल्या जागी कुणाला तरी धाडते. जाऊ, नणंद, मावशी. सह्या माझ्याच असतात. माझ्या माहेरीही पालखी येते, मीसुद्धा रजा काढते.

त्याच धांदलीत शेठनी आमची बैठक लावली. मी आधी बोलले. शेठ खुर्चीत पुढे सरकून बघत होते, व्हिडिओ दोनदा लावायला लावला. मला वाटलं, जिंकले.

चौगुले उठले. हातात कागद नाही, काही नाही. म्हणाले, "शेठ, उद्या भिकाजीच्या वाडीत पालखी आहे. त्याला बदली पाहिजे. तेवढी तुम्ही बघून द्या की."

भिकाजी थप्पीवरचा. थप्पी म्हणजे थंड खोलीच्या तोंडाशी उभं राहायचं, पट्ट्यावरून गोठलेल्या कोळंबीचं खोकं आलं की उचलायचं, अर्धं वळायचं, लाकडी फळीवर रचायचं, परत वळायचं. पाठीवर थंड वारा, दिवसभर. चौघंच माणसं त्या कामाला.

शेठ हसले. "एवढंच ना?" त्यांनी ड्रायव्हरला आत बोलावलं. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, आत्ता म्हणा, गोव्याला गाडी काढतो. पन थप्पीवर नको." माळ्याला विचारलं. त्याची कंबर धरली होती. शेठचा एक पुतण्या ऑफिसात बसतो, गोष्ट कुठं चाललीय ते बघून तो फोन कानाला लावून बाहेर सटकला. शेठनी आणखी दोघांना फोन केले. मग फोन टेबलावर ठेवला.

"टेबलावरची एक बाई पालखीला निघाली की तिघी दारात उभ्या," चौगुले म्हणाले. "आपली जागा दुसऱ्या कुणाकडं जाऊ नये म्हणून सख्ख्या जावेला आणतात. हात दुखतात, पन काम पाहिजे त्यास्नी. आन् हा भिकाजी सख्ख्या भावाला फोन करतोय चार दिवस झाले, भाऊ उचलत न्हाई. जे काम माणूस भावाला देऊ शकत न्हाई, ते लोखंडाला द्या, शेठ."

शेठ म्हणाले, "थप्पीवरच बसवा."

मला काय झालं म्हणून सांगू! हरले त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. शिमगा माझा, पालखी माझी, बदलीवर सह्या माझ्या. आणि कळलं कुणाला, तर पालखी कुठल्या खांद्यावर घेतात तेही ज्याला ठाऊक नाही त्याला! बाहेर येऊन मी टेबलांवरच्या मुकादम सुनंदावहिनींना गाठलं. म्हटलं, "हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी तुमच्या गावची, तुमच्या शिमग्याची. त्या घाटावरच्याला सांगितलंत?"

सुनंदावहिनी हातातली कोळंबी सोलत राहिल्या. म्हणाल्या, "त्यांनी इचारलं, मॅडम." आणि वायच थांबून, "तुमचं मन चांगलं हाय, ते काय आमाला कळत नाय होय? पन टेबलं गेली तर आमी खंय उभं ऱ्हायाचं?"

मी घरी जाऊन ह्यांच्यावर चिडले. कारण काही नव्हतं. भाजी अळणी झाली होती बहुतेक, आणि ती मीच केली होती.

पावसाळा सरल्यावर रोबो आला. त्याला थंडी सोसावी म्हणून कंपनीनं जाड निळा कोट घातला होता. बायका बघायला आल्या. पुण्याहून आलेला, कोट घातलेला, सगळे भोवती उभे आणि तो काहीच करत नाही, म्हणून त्यांनी त्याचं नाव 'जावई' ठेवलं. चौगुल्यांनी नारळ फोडला, बटण दाबलं. जावयानं खोकं उचललं, वर नेलं, आणि सोडून दिलं. दुसरं उचललं, तेही पडलं. हवेनं चिकटून धरणाऱ्या रबरी वाट्या होत्या त्याला, त्या पकड घेईनात. पुण्याची दोन पोरं घाम पुसत लॅपटॉपवर बोटं आपटत होती. "साहेब, आमच्याकडे टेस्टिंगला एकदम ओके होतं," एवढंच म्हणत होती. सकाळची दुपार झाली. खरं सांगते, तेवढा वेळ मी फार सुखात होते. दोनदा चहा मागवला.

शेवटी मला राहवेना, टोमणा मारायची संधी कशाला सोडू? चौगुल्यांना ऐकू जाईल असं त्या पोरांना म्हटलं, "मग पुण्याहूनच खोकी आणा की! आमच्या हवेत भाजलेला पापड ताटात पडेपर्यंत मऊ पडतो. तुमचं गोठलेलं खोकं बाहेर आलं की त्याला घाम फुटणार नाही तर काय होणार?"

चौगुले जागच्या जागी थांबले. खोक्यावरून हात फिरवला, पुठ्ठा दमट लागला. "अहो मॅडम, तेच की!" असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. "ओल्या पुठ्ठ्याला वाटी चिकटणार कशी? बगलेतनं धरणारा चिमटा पाहिजे!" आणि मग ह्या माणसानं काय करावं? ऑफिसात, टेबलांवर, शेठना फोनवर, भेटेल त्याला सांगत सुटले, "मॅडमनी शोधलं. आम्ही सगळे गाढव, मॅडमनी एका वाक्यात शोधलं." अहो, मी टोमणा मारला होता! लोक येऊन माझं अभिनंदन करून गेले. तेवढं समाधानसुद्धा मला धड मिळू दिलं नाही त्यांनी.

चिमटा बसला, जावई कामाला लागला. चौघांना कामावरून काढायचं नाही ही अट चौगुल्यांनी आधीच घातली होती. भिकाजी जावयाचं बटण सांभाळतो, बाकीचे उतरवायच्या धक्क्यावर गेले. पुढच्या शिमग्याला भिकाजीचा भाऊ बदली म्हणून आला, नवा शर्ट घालून.

आता नव्या कारखान्याचं जाहीर व्हायचं राहिलं होतं. ते चौगुल्यांचंच, यात कुणाला शंका नव्हती. मी चेहरा तयार करून ठेवला होता. आरशासमोर उभी राहून "अभिनंदन, चौगुले" म्हणून बघितलं. पहिल्या खेपेला फारच कडू आलं, मग जमायला लागलं.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "सुर्वे मॅडम, नवा कारखाना तुम्ही बघायचा."

मला आनंद झाला. खूप झाला. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. शेठ पुढे बोलले नसते तर काय बिघडलं असतं त्यांचं? पण बोलले. "चौगुल्यांना मी विचारलं होतं. ते परत इचलकरंजीला चाललेत, वडील अंथरुणावर आहेत. त्यांनीच तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, इथली हवा, इथली माणसं आणि मासळी तिन्ही कळणारं एकच माणूस आहे तुमच्याकडे."

हवं ते मिळालं, आणि तेही त्यांच्या हातून. ह्यांनी पेढे आणले. सासूबाईंनी देवापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "दत्तानं केलं हो तुझं काम." मी पेढा गिळला.

ते निघाले त्या संध्याकाळी मी एसटी स्टँडवर गेले. जायचं नव्हतं, पण गेले नसते तर दिसलं असतं. कामावरून सुटलेल्या बायका आधीच तिथं जमल्या होत्या. कुणी आंबापोळी आणली होती, कुणी सुक्या कोळंबीचे सोडे, कुणी फणसाचे तळलेले गरे. गाडीत बसलेल्या चौगुल्यांच्या मांडीवर पिशव्यांचा ढीग झाला होता आणि ते खिडकीतून प्रत्येकीला नावानं विचारत होते, पोराचा निकाल कधी, सासऱ्यांचा डोळा कसा आहे. मी रिकाम्या हातानं मागं उभी होते. त्यांनी मला हाक मारून पुढं बोलावलं.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं बघा," ते म्हणाले. "तुम्ही शेठना तो व्हिडिओ दाखवला, त्या दिवशी लई जळलो तुमच्यावर. खरं सांगतो! घरी गेलो, जेवण गेलं न्हाई. मंडळींना म्हटलं, ही बाई पुढं जाणार आन् आपण पान्यानं नट आवळत बसणार. हिच्यासारखं बोलायला आपल्याला सात जन्मात यायचं न्हाई. आठवडाभर जळत होतो!"

बायका खो खो हसल्या. ते स्वतः सगळ्यात जास्त हसले, मांडीवरची एक पिशवी खाली पडली. सुनंदावहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय पन बोलतात, चौगुले साहेब!" त्यांचा जीव त्या माणसावर आणखीच जडलेला दिसत होता.

मी उभीच. दातांखाली जे इतके दिवस दाबून ठेवलं होतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ते हा माणूस एसटीच्या खिडकीतून सगळ्यांच्या देखत बोलून मोकळा झाला. जळायचंसुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि माझ्या तोंडून निघालं, "पोचलात की फोन करा." ते म्हणाले, "करतो की." गाडी मागं सरकली, वळली, मारुती मंदिराच्या बाजूला निघाली. खिडकीतून हात हलत होता तोवर आम्ही बघत राहिलो.

"मीसुद्धा," मी म्हणाले.

"काय म्हनलात, मॅडम?" सुनंदावहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चला, रिक्षा बघू."